जोडी बदला

"शिबिराला जाऊ नकोस," ताई पुन्हा पुन्हा सांगत होती. "ती दोघं असणार तिथे. कशाला आपल्याच जखमेवर मीठ चोळून घेतेस?"

"माझा वर्ग आहे तो. तो यायच्या आधीपासून मी तिथे जाते. मी का सोडू?" धाकटी म्हणाली आणि तिने बॅग भरली.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवणारी ही बाई अंगाने किरकोळ होती, पण ठोसा मारताना अशी काही ओरडायची की कराटेच्या सरांनी तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. वर्गात तेच नाव रुळलं. तिचा नवराही तिला याच वर्गात भेटला. लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. पहिल्याच सरावात त्याने तिच्या बरगडीत असा ठोसा हाणला की तिला आठवडाभर धड हसता येईना. तो रोज दुकानात डोकवायचा आणि म्हणायचा, "आज हसून दाखव." एक दिवस तिने दाखवलं.

आता तो एका नर्सबरोबर राहत होता. ही नर्स भोंग्याची जिवाभावाची मैत्रीण. पाठदुखीने बेजार झालेल्या तिला भोंग्यानेच हाताला धरून वर्गात आणलं होतं, पट्टा कसा बांधायचा तेही शिकवलं होतं. "आपल्या हाताने विंचू उचलून उशाला घेतलास," ताई म्हणायची.

नवरा घर सोडून गेल्यावर सरांनी कुणाला काही विचारलं नाही. त्या दोघांना सकाळची वेळ दिली, हिची संध्याकाळची ठेवली. वर्षातून एकदा, शनिवार-रविवारच्या शिबिराला मात्र सगळे एकत्र येत.

गावाबाहेरच्या एका शाळेचा हॉल होता. चटया, घामाचा वास, कोपऱ्यात दुखण्यावर लावायच्या मलमांच्या ट्यूबा. शनिवारी भोंगा मुद्दाम पहिल्या रांगेत उभी राहिली, म्हणजे मागे कोण आहे ते दिसायला नको. पण ओरडायची वेळ आली तेव्हा तिच्या गळ्यातून चिरका, बारीक आवाज निघाला.

"भोंग्याची बॅटरी उतरली वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मग एकेकाच्या लक्षात आलं आणि हॉल गप्प झाला. ती शांतता तिला हसण्यापेक्षा जास्त लागली.

रविवारी सकाळी समोरासमोर दोन रांगा झाल्या. सरांनी टाळी वाजवून "जोडी बदला!" म्हटलं की समोरची रांग एक पाऊल सरकायची आणि प्रत्येकापुढे नवा माणूस यायचा. समोरच्या रांगेत, टोकाला, नवरा होता. त्याच्या पलीकडे नर्स. दर टाळीला ती दोघं एकेक माणूस जवळ येत होती.

सर तिच्यामागून गेले. "पाणी पिऊन यायचं असेल तर ये," ते हळूच म्हणाले.

"नको, सर."

पुढची टाळी वाजली आणि नवरा समोर आला. दोघांनी वाकून नमस्कार केला. त्याने दाढी ठेवली होती. हल्लीच ठेवलेली असणार, कारण तो सारखा गाल खाजवत होता.

ठोसा मारण्याआधी त्याचा डावा खांदा किंचित खाली जातो, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. खांदा खाली गेला, तिने हात उचलला. पण ठोसा आलाच नाही. तिच्या छातीच्या वीतभर अलीकडे त्याची मूठ थांबली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही.

"नीट मार," ती म्हणाली.

"लागेल तुला."

"लागू दे. आधी लागत नव्हतं?"

"आधीची गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला आणि त्याने नजर खाली घातली.

लग्नाच्या एवढ्या वर्षांत त्याने तिला एकदाही हातचं राखून ठोसा मारला नव्हता. 'हिला काही होत नाही, ही माझ्या तोडीची आहे,' असं तो चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचा. आता तो तिच्याशी असा वागत होता, जसं आपण परक्याच्या घरातली काचेची वस्तू हाताळतो. घर सोडताना तो जे जे बोलला होता, ते सगळं तिने पचवलं होतं. ही थांबलेली मूठ मात्र तिला पचेना.

"जोडी बदला!"

नर्स आली. तिचे डोळे आधीच भरले होते. नमस्कार झाला आणि तिने दोन्ही हात खाली सोडले.

"हात वर घे," भोंगा म्हणाली.

"मार मला. अगं, मार ना एकदाची. मला माहितीये तुला काय वाटतं ते."

भोंग्याने मूठ आवळली. खरंच वाटत होतं. तोंडावर, सगळ्यांदेखत.

"मी मारलं की तुझं ओझं उतरेल," ती म्हणाली. "मी नाही उतरवणार. हात वर घे, सर बघतायत."

नर्सने हात वर घेतले. दोघींनी टाळी वाजेपर्यंत नियमाप्रमाणे सराव केला. भोंग्याच्या एकाही ठोशात चूक नव्हती.

परतीच्या बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. चौकात सगळे उतरले. ड्रायव्हरने डिकी उघडली आणि नवऱ्याने नेहमीच्या सवयीने दोन बॅगा काढल्या, स्वतःची आणि तिची. दोन्ही खांद्यांना अडकवल्या आणि मोबाईलवर कुणाशी तरी बिघडलेल्या लिफ्टबद्दल बोलत तो, जिथे ती अजून राहत होती, त्या जुन्या घराच्या गल्लीकडे चालायला लागला.

ती जागीच उभी राहिली. हाक मारावी असं तिला वाटेना. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या शटरापर्यंत गेल्यावर तो थबकला. मागे नर्स स्वतःची बॅग धरून उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती.

तो परत आला. भोंग्याची बॅग त्याने तिच्या पायाशी ठेवली. "सॉरी, लक्षातच..." एवढंच म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली.

घरी ताई येऊन बसली होती. शिबिराबद्दल बोलायचं म्हणून तिने बरंच काही जमवून ठेवलं होतं, पण बहिणीचं तोंड बघून ते सगळं गिळलं.

"तो आपल्या गल्लीत वळला होता गं, ताई."

"कोण? मग?"

"मग काय. आठवलं त्याला." ती दारातच, बुटांच्या शेजारी खाली बसली. "इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होते, सुटले एकदाची. आणि आतून वाटच बघत होते गं. तो वळला तेव्हा एवढा आनंद झाला मला. एवढा... लाज वाटते सांगायला."

ताई तिच्याशेजारी फरशीवर टेकली. धाकटीने तिच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि इतक्या मोठ्याने रडली की शेजारचं दार उघडलं. ताईने शेजारणीला हातानेच आत जायला सांगितलं.