गोळीचं पथ्य

लग्न संध्याकाळी, आणि निशीथ भादुरीच्या उजव्या पायाचा अंगठा सकाळीच टम्म सुजून बसलेला. चादर टेकली तरी ब्रह्मांड आठवायचं. बरं, गप निजून राहावं तर जीव थाऱ्यावर नाही. थोरला भाऊ गेल्यापासून पुतणी झिनुक याच्याच अंगाखांद्यावर वाढली. आज तिला पाटावर बसवून नवऱ्याभोवती सात फेरे फिरवायचे, आणि तो पाट उचलायला पुढं निशीथकाकाच, हे या बाबानं अख्ख्या चंदननगरला सांगून ठेवलेलं!

"उठू नका म्हणते ना!" बायको शेफाली ओरडली.

"उतरेल गं आता. गोळ्या घेतल्यात."

"घ्या, अजून घ्या. डबीच गिळा एकदाची."

होमिओपॅथीचे समाद्दार डॉक्टर आले. अंगठा बघितला आणि त्यांनी चष्माच काढून ठेवला.

"निशीथबाबू, काल केळवणात काय हाणलंत?"

"पथ्य मोडलं नाही, डॉक्टरबाबू, तुमची शपथ! कच्च्या कांद्याला शिवलो नाही. कॉफी नाही, कापूर नाही. गोळीच्या आधी अर्धा तास पाण्याचा घोट नाही."

"आणि जेवणात?"

"मटण. कोळंबी. थोडी कलेजी. पण कांदा निवडून काढला हं!"

समाद्दारांनी कपाळावर हात मारला. "अहो महापुरुष, कांदा सोडायचा गोळीसाठी आणि कलेजी सोडायची पायासाठी! तुम्ही गोळीला जपलंत आणि पायाला मारलंत. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढलं की त्याचे बारीक खडे सांध्यात जाऊन बसतात. पाणी भरपूर प्या, वजन उतरवा, कलेजी-बिअर बंद करा, हे सांगून माझा घसा बसला. आणि इस्पितळातून दिलेलं औषध?"

निशीथ पंख्याकडं बघू लागला.

"सोडलं त्यांनी," शेफालीनं सांगून टाकलं. "म्हणे दोन औषधांची पोटात भांडणं नकोत."

"मी सांगितलं होतं सोडायला?" डॉक्टर कडाडले. "माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळीनं ही आग आज विझायची नाही. तिकडच्या डॉक्टरांना फोन लावा, ते म्हणतील ते घ्या. पाय उशीवर, वर बर्फ. आणि पाट उचलायचं नावसुद्धा काढू नका."

दुपारभर निशीथ तळमळला. बाहेर शंख वाजला की उठून बसायचा, पाऊल टेकवायचा, आई गं म्हणून परत आडवा. स्वतःचाच असा राग आला होता की उशीवर बुक्के मारून झाले. शेवटी त्यानं शेफालीला जवळ बोलावलं. "आपल्या पल्टूला उभा कर माझ्या जागी. झिनुकला सांगू नकोस. तोंडावर विड्याची पानं धरलेली असतील, तिला काय दिसतंय?"

संध्याकाळी खुर्चीत पाय वर ठेवून तो मांडवाच्या कडेला बसला. पोरांनी पाट उचलला. झिनुकनं एका हातानं पानं तोंडावर धरली आणि दुसरा हात चुलतभाऊ पल्टूच्या मानेभोवती टाकला. लगेच थबकली.

"ही काकाची मान नाही. काका कुठंय?"

लपून काय उपयोग?

"इथं आहे गं," निशीथ म्हणाला. "पाय सुजलाय. माझ्याच जिभेनं घात केला. मला उचलता नाही येणार तुला."

त्याला वाटलं, पोरगी आता रडणार. पानांआडून आवाज आला तो चांगला खणखणीत. "मग बस तिथंच! उचलणारे छप्पन्न मिळतील मला. मी माहेरी येईन तेव्हा दार उघडायला चालत येणारा काका कुठून आणू? उठलास तर बघ. नुसता बोलत राहा, म्हणजे कळेल मला."

पाट फिरू लागला. ती समोरून गेली की निशीथ ओरडायचा, "इथं आहे मी!" लोक हसायचे, बायका जीभ हलवून मंगल उलूध्वनी करायच्या. सातव्या फेरीला त्यानं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

"काका?" झिनुक घाबरून म्हणाली.

शेफालीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "आहेत गं बाई, आहेत. रडताहेत."