धुक्यातली बाद फेरी

ऑक्टोबर संपत आला होता. मका काढून झाला होता आणि ब्रेनोव गावाभोवतीची नेब्रास्काची सपाट जमीन नुसत्या खुंटांनी भरली होती. त्या गुरुवारी दुपारपर्यंत चांगलं ऊन होतं. मग नदीकडून धुकं उठलं आणि कोणालाही घाई नसावी तसं हळूहळू शेतं ओलांडत हायस्कूलच्या मैदानावर येऊन बसलं.

मैदानाच्या फाटकाशी तिकिटाचं टेबल मांडून लॅडी झेमन बसला होता. ऐंशी ओलांडलेला हा म्हातारा गेली कित्येक वर्षं तिथेच बसायचा. आज त्याचं डोकं तापलं होतं. सामना बाद फेरीचा, हरला तो घरी जाणार. आणि बाद फेरीची तिकिटं राज्याच्या क्रीडा संघटनेची. दर त्यांचा, मोठा वाटाही त्यांचा.

"वर्षाचा पास लोकांना मीच विकला," तो डार्लाला म्हणाला, "आणि आज मीच सांगतोय, चालत नाही. माझी सख्खी वहिनी आत्ता मला चोर म्हणून आत गेली."

"मग तिला घरी बसून बघायला सांगायचं," डार्ला हसली.

"तेच तर! तुझ्या त्या प्रक्षेपणापायी उद्या कोणी येणारच नाही इथे. घरात शेकोटीपाशी पाय पसरून बघतील. मी एकटा या टेबलाशी गारठून मरेन."

डार्ला कुबिचेक शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. सामने इंटरनेटवर दाखवायचं खूळ तिचंच. गाव सोडून गेलेले लोक गावात उरलेल्यांपेक्षा जास्त, त्यांनाही बघू दे, असं तिचं म्हणणं. बाद फेरीत तेही फुकट नव्हतं. घरी बसून बघणाऱ्यालाही पैसे भरावे लागत. तिचा मुलगा कोल्बी संघात होता, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. आज हरले तर त्याचा हा शेवटचा सामना.

आठ-आठ जणांचा फुटबॉल होता हा, चेंडू बगलेत धरून धावायचा. लहान गावांत अकरा पोरं जमत नाहीत, म्हणून आठ. समोर एल्म फोर्कचा संघ होता, त्यांचं गावही तेवढंच, त्यांची पोरंही तशीच उन्हात रापलेली.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात मैदानाचं पलीकडचं टोक दिसेनासं झालं. मग मधलं. दिवे लावले तर धुकं आणखीच उजळून निघालं. मुख्याध्यापक ग्लेन सोरेन्सन धापा टाकत बाकांच्या वरच्या माचीवर आले. डार्लाचा कॅमेरा तिथेच होता.

"डार्ला, पडद्यावर नुसतं दूध दिसतंय. लोक पैसे परत मागायला लागतील."

"पंच खेळ थांबवत नाहीयेत ना?"

"ते म्हणतात, आम्हाला आमच्या पायापुरतं दिसतंय."

"मग मीही पायापुरतं दाखवते." तिने मोबाइल काढला, प्रक्षेपण त्यावर घेतलं आणि खाली उतरून रेषेच्या कडेने चालू लागली. "दिसेल ते दाखवीन, नाही दिसलं तर ऐकलेलं सांगीन."

आणि तिने खरंच तसं केलं. आधी तिला आपलाच आवाज परका वाटला. पण हळूहळू तिला त्या पांढऱ्या जगाची सवय झाली. दोन पोरं धुक्यातून धावत यायची, एकमेकांवर धडकायची, उठायची आणि पुसून टाकल्यासारखी नाहीशी व्हायची. कुठूनतरी शिट्टी वाजायची. ओल्या गवताचा आणि शाळेच्या स्वयंपाकघरातल्या दालचिनीच्या रोलांचा वास एकत्र यायचा. ती सांगत राहायची. "आता चेंडू आपल्याकडे आहे... नाही, त्यांच्याकडे. कोणीतरी पडलंय. उठला, उठला. एल्म फोर्कच्या आयांनो, तुमचं पोरगं आहे, ठीक आहे, हसतंय."

मोबाइलवर लोकांचे निरोप उमटत होते. अलास्कातून कोणी लिहिलं, "माझ्या खिडकीबाहेर बर्फ, पडद्यावर धुकं. आवाज तेवढा घरचा." कोणी लिहिलं, "आता गवत दाखव थोडं."

मग एक गंमत झाली. बाकांवर बसलेल्यांनाही काही दिसत नव्हतं. तिकीट काढून आत आलेल्या त्या मंडळींनी तिथेच पुन्हा पैसे भरले आणि आपापल्या फोनवर डार्लाचं प्रक्षेपण लावलं. ते अर्धा मिनिट उशिरा पोचायचं. त्यामुळे ती काही बोलली की थोड्या वेळाने तिचाच आवाज धुक्यातल्या शेकडो ठिकाणांहून परत यायचा, ओला, बारीक. तिला वाटलं, तिथे वर आणखी एक डार्ला बसली आहे आणि तिचं आयुष्य जरासं मागून जगते आहे.

शेवटच्या मिनिटाला ब्रेनोव चार गुणांनी पुढे होतं. एल्म फोर्कला चेंडू पुढे न्यायची एकच संधी उरली होती. तो टोकाच्या पांढऱ्या रेषेपार नेला की टचडाउन, सहा गुण, आणि सामना त्यांचा. डार्ला कोपऱ्यातल्या नारिंगी खुणेपाशी उभी होती, कारण तिथलं गवत जरा स्पष्ट दिसत होतं. आरडाओरड झाली, पावलं जवळ आली, आणि धुकं फाडून एल्म फोर्कचा एक सडपातळ पोरगा चेंडू कवटाळून थेट तिच्या दिशेने आला. त्याच्या मागे झेपावलेला कोल्बी. कोल्बीने त्याला कमरेला धरून बाहेर भिरकावलं, पण त्याआधी त्या पोराचा पाय कडेच्या रेषेच्या आत, गवतावर टेकला होता आणि चेंडू टोकाच्या रेषेपार गेला होता.

"आत आहे!" डार्ला ओरडली. "पाय आत आहे, चेंडू पार गेला! टचडाउन!"

पंच धावत आले ते त्यानंतर. त्यांना दिसली ती रेषेबाहेर पडलेली दोन पोरं. त्यांनी शिट्टी वाजवली आणि हात हलवले. बाहेर. गुण नाही.

ब्रेनोवच्या बाकांवर एकच जल्लोष उसळला. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. आणि त्या जल्लोषाच्या मध्यातच वरून, शेकडो फोनांतून, मागून येणारी ती दुसरी डार्ला बोलली. आत आहे. पाय आत आहे. टचडाउन.

जल्लोष एकेका बाकावरून विझत गेला.

एल्म फोर्कचे प्रशिक्षक पंचांकडे धावले. "ऐकलंत ना? त्यांचीच बाई सांगतेय!"

"चित्रीकरण बघून निर्णय द्यायचा नाही, असा नियम आहे," पंच म्हणाले. त्यांचा चेहरा धुक्याइतकाच पांढरा झाला होता. "मला जे दिसलं तेच मी देणार."

"तुम्हाला काय दिसलं?"

पंचांनी मान वळवून त्या नारिंगी खुणेकडे पाहिलं.

आपण काय करून बसलो ते डार्लाला तेव्हा कळलं. मोबाइल तसाच चालू होता. समोर कोल्बी गुडघ्यावर बसून तिच्याकडे बघत होता. लहानपणी ताप आला की बघायचा, तसा. मग तो उठला, हेल्मेट काढलं आणि पंचांकडे गेला.

"सर, चित्रीकरण नका बघू. मी तिथे होतो. मी त्याला ढकलायच्या आधी तो पार गेला होता."

"नीट विचार करून बोलतोयस ना, बाळा?"

"हो, सर."

पंच एकत्र जमले, बराच वेळ कुजबुजले. मग टचडाउनची खूण करत पंचांचे दोन हात वर गेले.

ब्रेनोव हरलं.

नंतर बाकांवरची माणसं मैदानात उतरली. धुक्यात कोण कुठल्या गावचं ते कळत नव्हतं. कोणीतरी डार्लाच्या जवळून जाताना म्हणालं, "स्वतःच्या पोरावर उलटली." तो बाप्या कोण, ते तिला दिसलं नाही, आणि तिने बघायचा प्रयत्नही केला नाही. एका अनोळखी बाईने मात्र तिचा दंड दाबला आणि पुढे गेली. ती त्या सडपातळ पोराची आई असावी किंवा नसावीही.

ग्लेन सोरेन्सन आले. "गावात जेवढी माणसं नाहीत, तेवढ्यांनी पैसे भरून बघितलं आज."

"काय बघितलं?"

"धुकं," ते म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. डार्लालाही हसू आलं आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरून आले.

लॅडी झेमन काठी टेकत आला. "टेबल आवरून वर बाकांवर बसलो होतो," तो म्हणाला. "सगळं तुझ्याच तोंडून ऐकलं. रेडिओच्या दिवसांत असंच ऐकायचो आम्ही." मग काठी पुढे टाकत, "हरलो ते वाईट झालं. फार वाईट झालं. चल, स्वयंपाकघरात चिलीचा रस्सा गार होईल."

प्रक्षेपण अजून चालूच होतं. निरोप येत होते, "बंद करू नकोस." तिने मोबाइल जरा वेळ तसाच वर धरला, चालणाऱ्या माणसांच्या सावल्यांकडे. मग "घरी जाऊन जेवा आता," असं म्हणून तिने तो बंद केला.

कोल्बी कपडे बदलून आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. दोघं मायलेक गाडी लावली होती त्या शेताकडे निघाले.

"मी ओरडायला नको होतं," ती म्हणाली.

"तू बोलली नसतीस तरी मी सांगितलं असतं."

"नक्की?"

खुंटं बुटांखाली मोडत होती.

"माहीत नाही, आई," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

गाडी काही सापडेना. कोल्बीने किल्लीचं बटण दाबलं. दूर डावीकडे त्यांचा हॉर्न एकदा वाजला. त्यासरशी उजवीकडून दुसरा वाजला, मग मागून तिसरा. दोन्ही गावांची माणसं त्या पांढऱ्या शेतात आपापल्या गाड्यांना हाका मारत होती आणि गाड्या ओ देत होत्या.

"आपली कुठली?" डार्लाने विचारलं.

"पुन्हा वाजवतो," कोल्बी म्हणाला, आणि दोघं कान देऊन उभी राहिली.