चाँदभाईंच्या जीपमधला स्टीलचा पाइप

मी एक जुना स्टेनलेस स्टीलचा पाइप आहे. जुना म्हणालो, मोडका नाही हं! सध्या पिरंगुटला चाँदभाईंच्या गॅरेजमागे गवतात पडून असतो. माझ्या एका तोंडात कोळ्याने बिऱ्हाड थाटलं आहे. कितीतरी पावसाळे अंगावर घेतले, पण गंजाचा एक ठिपका दाखवा माझ्यावर. पैज लावतो, सापडणार नाही.

मित्रांनो, माझा जन्म दुधाची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. यंत्र तयार होऊन निघून गेलं आणि मी उरलेला तुकडा म्हणून भंगारात जाऊन पडलो. तिथून चाँदभाईंनी मला उचललं आणि गॅरेजच्या फळीवर ठेवलं. तिथे आधीच एक ॲल्युमिनियमचा पाइप बसला होता. हलका, पांढुरका आणि भलताच तोऱ्यात. आमचं काही फार जमलं नाही.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. चाँदभाई आपल्या जुन्या डिझेल जीपमधून पिरंगुट ते ताम्हिणी माणसं न्यायचे. ताम्हिणीच्या अलीकडे एक खडा चढ होता. भरलेली जीप तिथे धापा टाकायची. मग माणसं आपापली बोचकी घेऊन खाली उतरायची, चढ चालत चढायची आणि वर जाऊन पुन्हा गाडीत बसायची. कुणाला सांगावंही लागत नसे. तशी रीतच पडली होती.

पण वरच्या वाडीतल्या भिमाबाईंना ते जमेना. त्यांना क्षय झाला होता. आठवड्यातून दोनदा पौडच्या दवाखान्यात सुई घ्यायला जावं लागायचं. एकही सुई चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जाताना उतार असायचा, पण परतताना तो चढ यायचा आणि पाच पावलांत त्यांचा दम कोंडायचा. मग त्यांचा लेक बुधा त्यांना पाठीवर घेऊन चढायचा. एकदा वर पोचल्यावर त्या जीपच्या पायरीवर बसल्या आणि रडू लागल्या.

"आता बास झालं. मी काय लाकडाची मोळी हाय व्हय? सारी दुनिया बघतीया. न्हाई यायची मी आता सुईला. मरंन तर मरंन!"

"आसं बोलू नगं, मावशी," चाँदभाई म्हणाले. "पुढच्या खेपेला तुला ह्या चढाला खाली उतरवली, तर नाव बदलून टाकीन माझं."

बोलून तर बसले! आता इंजिनात जोर आणायचा कुठून? त्यांच्याकडे मोडीत निघालेल्या जनरेटरचा एक टर्बो पडला होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर भिंगरीसारखा फिरणारा पंखा. तो ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा वाढली की डिझेल जास्त जाळता येतं आणि जोर वाढतो. ही दाबलेली हवा टर्बोपासून इंजिनापर्यंत न्यायला एक पाइप हवा होता. कोणता घ्यायचा? मी, की फळीवरचा तो ॲल्युमिनियमचा?

चाँदभाईंनी आम्हा दोघांना हातात तोलून पाहिलं. "ॲल्युमिनियम हलकं हाय," ते बायकोला, जोहराबींना, म्हणाले. "त्यातली हवा लवकर गार हुती, आन गार हवा जास्त मावती. स्टील लई आडमुठं."

आडमुठं! असा राग आला म्हणता! पण त्यांचं गणित चुकीचं नव्हतं.

पाइप वाकवताना चपटू नये म्हणून त्यात कोरडी वाळू ठासून भरतात. जोहराबींनी शेंगदाणे भाजावेत तशी कढईत वाळू भाजून दिली. ॲल्युमिनियम भट्टीत गेलं. चाँदभाईंचे वडील लोखंडकाम करायचे, आजोबाही तेच करायचे. लाल झाल्याशिवाय वाकवायचं नाही, हे त्या घराच्या हाडात भिनलेलं. चाँदभाई लाल रंगाची वाट बघत भाता मारत राहिले. "आजून न्हाई... आजून न्हाई..." अहो, पण ॲल्युमिनियम लाल होत नाही! वितळायची वेळ येते तरी तसंच पांढरं दिसतं. एकाएकी त्याने मधोमध मान टाकली आणि वाळू भसकन निखाऱ्यांवर सांडली. बिचारा! त्याचा काही दोष नव्हता. त्याला लोखंडाच्या रीतीने वागवलं, म्हणून तो वाया गेला. मला तेव्हा वाईट वाटलं, अगदी मनापासून.

मग माझी पाळी आली. मी मात्र रीतसर लालबुंद झालो आणि जसं वाकवलं तसा वाकलो. चाँदभाईंनी मला पाण्यात विझवलं, आतली वाळू ओतली आणि ते लगेच जीपकडे निघाले. दुसऱ्याच दिवशी सुई होती ना! जोहराबी आडव्या आल्या. त्यांनी एक चिंधी दोरीला बांधून माझ्यातून ओढली. चिंधीवर वाळूचे कण आले. तापलेली वाळू माझ्या आतल्या अंगाला चिकटून बसली होती.

"ही इंजिनात गेली म्हंजी?"

"आगं, जराशीच तर हाय. उद्या मावशीला न्यायचंय."

"इंजिन खाऊन टाकंल ही जराशी! मग उद्याच काय, कवाच न्हाई न्यायची मावशीला. द्या हिकडं!"

त्यांनी काठीला काथ्या गुंडाळला, चिंच लावली आणि मला आतून असं घासलं की माझ्या अंगावर काटाच आला. चिंधी स्वच्छ निघाली तेव्हाच त्यांनी मला सोडलं.

दुसऱ्या दिवशी परतताना चढ आला. जीप थांबायच्या आतच रीतीप्रमाणे सगळे खाली उतरले. बुधा आईसमोर पाठ करून वाकलासुद्धा.

"उतरू नगा, बसा!" चाँदभाई ओरडले. पण विश्वास कोण ठेवतो? एकट्या भिमाबाई आत बसून राहिल्या. जीप त्यांना घेऊन निघाली. थोडं वर गेल्यावर त्या म्हणाल्या, "थांब, चाँद. मला एकटीला घिऊन चढली तर काय चढली? सगळ्यास्नी घे."

जीप मागे आली. माणसं कुरकुरत, हसत आत बसली. चाँदभाईंनी ॲक्सिलरेटर दाबला. टर्बो शीळ घालू लागला आणि हवा माझ्यातून धो धो धावली. मी थरथरलो, तापलो, पण एक सांधा सुटू दिला नाही. भरलेली जीप चढ चढून वर आली! चाँदभाईंनी कपाळाचा घाम पुसला. भिमाबाईंनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर त्यांची एकही सुई चुकली नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी औषध मधेच सोडू लागलं, तर रागावू नका. त्याला कोणता चढ आडवा येतो, ते आधी विचारा. आणि यंत्र जोडताना घाई करू नका. बाहेरून माझ्यासारखं चकचकीत दिसलं, तरी आतून साफ करा.

शेवटची सुई झाली त्या दिवशी चढाच्या पायथ्याशी भिमाबाई म्हणाल्या, "चाँद, गाडी थांबव."

"का गं मावशी? गाडी चढती की!"

"गाडीचं ठावं हाय. माझं बघायचंय."

त्या उतरल्या. बुधाने सवयीने पाठ पुढे केली. "पाठ नगं, पिशवी घे," म्हणाल्या आणि चालू लागल्या. आम्ही सगळे मागून पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी निघालो. माझ्यातून हवेची झुळूकसुद्धा नीट जात नव्हती. माझ्यासारख्या कर्तबगार पाइपाचा एवढा अपमान कधी झाला नव्हता आणि एवढा आनंदही कधी झाला नव्हता. वळणावरून आम्ही वर आलो, तर भिमाबाई आधीच पोचल्या होत्या. कमरेवर हात ठेवून, छाती भरून श्वास घेत त्या ओरडल्या, "आरं चाँद, या की बिगीबिगी!"