दोन ते पाच

"नाना, आवाज होतोय."

बंकटरावांनी मान वर केली. दारात त्यांचा मुलगा अंगद उभा होता, अनवाणी, ओठांवर बोट ठेवून.

"काय?"

अंगद दोन पावलं आत आला आणि त्यांच्या हातातल्या भुईमुगाच्या शेंगेकडे बोट केलं. "शेंगा. अकरा नंबरची पोरगी म्हणती, भिंतीपलीकडून कटकट येती."

"अरे, उशीखाली धरून फोडतोय! मलाच ऐकू येईना, तिला कसं येतंय?"

"हळू बोला ना, नाना."

बंकटरावांनी शेंगांची वाटी खाटेखाली सारली. आता शेंग खायचीही चोरी. भिंत म्हणजे नुसती प्लायवूडची फळी. तिच्या पलीकडे तीस खोकी, तीस खुर्च्या आणि डॉक्टर व्हायला निघालेली तीस पोरं. अंगदने बीडच्या या घराचा सगळा खालचा मजला 'एकाग्र अभ्यासिका' करून टाकला होता आणि उरलेल्या मागच्या पट्टीत आईवडिलांची खोली काढली होती. वडवणीचं घर विकून इथे आले त्याला दोन वर्षं झाली. परत जायचं म्हटलं तर जायला दार उरलं नव्हतं.

या घरात माणसं राहतात असं बाहेरच्याला सांगूनही पटलं नसतं. दारावरची बेल काढून तिथे लाल दिवा लावला होता. बाहेर कुणी बटण दाबलं की आत दिवा लागायचा. मिक्सर वरच्या मजल्यावर, तोही दुपारच्या सुट्टीत. चपला फाटकापाशी. शिंक आली तर अंगणात पळायचं. पाहुणा आला तर त्याला गल्लीच्या कट्ट्यावर बसवून तिथेच चहा द्यायचा. सगळ्यांच्या ओठांची हालचाल दिसे, शब्द नाही. बंकटराव रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसत. कुठे जायचं नसे. तिथे माणसं माणसांसारखी ओरडून बोलतात, एवढंच.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, असं ते बायकोला, अंजनाला सांगत. अंजना मान हलवे.

आणि या सगळ्या छळावर कडी म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवलेला त्यांचा सेट.

बंकटराव वडवणीला एका जिनिंगमध्ये फिटर होते. एकतीस वर्षं कापसाच्या मशिनींच्या घरघराटात काढली. घरघराट इतका, की घरी आल्यावरही तासभर तो डोक्यात फिरत राही. त्यावर उतारा म्हणून त्यांना गाण्याचा नाद लागला. साधा रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, आणि निवृत्त झाल्यावर जन्माची हौस: सिद्धलिंगने हाताने बसवून दिलेला अँप्लिफायर, कॅसेटचा डेक आणि स्पीकरचे कमरेएवढे सागवानी दोन बॉक्स. सिद्धलिंगचं वडवणीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दोघांची चाळीस वर्षांची दोस्ती. सेट जोडला त्या दिवशी बंकटराव लहान पोरासारखे नाचायचेच बाकी होते. पुढचे सहा महिने आंघोळ झाली की खुर्ची टाकून दोन्ही बॉक्सच्या बरोबर मध्ये बसायचे, डोळे मिटून. गल्लीतली बाई म्हणायची, "बंकटराव पूजेला बसले."

मग बीड आलं आणि पूजा बंद पडली.

अंगदने त्यांना हेडफोन आणून दिला होता. पोरगा वाईट नव्हता, अडला होता. पण बंकटरावांनी तो एकदा लावला आणि काढून ठेवला. "कानात बोळा घातल्यावानी वाजतंय. ह्याला काय गाणं म्हणतेत?"

शेवटी संक्रांतीच्या सुमाराला ते अंगदपुढे हात जोडून उभे राहिले. बापाने पोरापुढे हात जोडावेत हे अंगदलाही बघवलं नाही. तो म्हणाला, "नाना, मे महिन्यात नीटची परीक्षा हाय. त्या दिवशी समदी पोरं सेंटरवर असतेत. दोन ते पाच. त्या टायमाला लावा तुमी. छत उडलं तरी मी काय बोलणार न्हाई."

दोन ते पाच. बंकटरावांनी कॅलेंडरवर त्या रविवारी गोल केला. चार महिने त्या गोलाकडे बघून काढले. अंगद काही म्हणाला, सून मोहिनी काही म्हणाली, तर मुकाट ऐकून घ्यायचं. मेमध्ये बघू. पोरांच्या आईबापांनी नवस केले असतील तेवढेच बंकटरावांनीही त्या परीक्षेसाठी केले. परीक्षा पुढे ढकलू नये म्हणून.

रविवारी सिद्धलिंग सकाळच्या एसटीने आला. पिशवीत पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि बायकोने दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या. मोहिनीने दोघांना जेवायला वाढलं. पावणेदोनला अंगदचा फोन आला, की शेवटचं पोरगंही आत गेलं. मोहिनी खाली येऊन सासऱ्यांना हसत म्हणाली, "मामा, आता तुमचं राज्य." आणि झोपायला वर गेली.

बंकटरावांनी चादर काढली. स्पिरिटच्या बोळ्याने डेकचं हेड पुसलं. कॅसेट त्यांनी चार महिने आधीच ठरवली होती. अंगदच्या लग्नातला गोंधळ. बाजारात मिळणारी नव्हे, त्यांनी स्वतः मांडवाच्या खांबाला माईक बांधून भरलेली. संबळ, झांज, आणि सटवा गोंधळ्याचं तुणतुणं. संबळ कुणीही वाजवील, पण सटवाचं तुणतुणं म्हणजे उन्हात तार चमकावी तसं. बंकटरावांना त्यासाठीच ती कॅसेट जीव की प्राण होती.

त्यांनी बटण दाबलं, खुर्चीत बसले, डोळे मिटले.

धप्, धप्, संबळ सुरू झाला. छातीत लागला. बंकटरावांच्या अंगावर काटा आला. आता तुणतुणं. आता.

त्यांनी डोळे उघडले. "सिद्धलिंग, तुणतुणं कुटं गेलं बे?"

सिद्धलिंगने त्यांच्याकडे बघितलं. "वाजतंय की."

"कुटं वाजतंय? नुसता संबळ हाय. झांजबी न्हाई." बंकटराव उठले आणि ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग आवाज वाढवला. अजून वाढवला. "बारीक आवाजाचे छोटे स्पीकर गेले वाटतं दोनी. दोन वरीस बंद ठिवल्यावर काय व्हणार? माती खाल्ली यानं."

मोहिनी दोन्ही कानांवर हात ठेवून जिन्यात आली. काहीतरी म्हणाली. बंकटरावांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते आता फिटर झाले होते.

फिटरची एक रीत असते. जिनिंगमध्ये नवीन पोरं आली की बंकटराव त्यांना हेच शिकवत: मशीन बिघडलं की धडाधडा सगळं उघडायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलून फरक पडला नाही तर ती चांगली, पुढे चला. असं करत करत जी बदलायची राहिली, खोट तिच्यात.

त्यांनी डावा बॉक्स उजवीकडे जोडला. फरक नाही. वायर बदलली. फरक नाही. दुसरी कॅसेट घातली, त्यातली बासरीही नुसत्या फुंकेसारखी. पुन्हा गोंधळ लावला. हेडफोन जोडला, बोळाच. सिद्धलिंगला बॉक्स उघडायला लावला. तो गुडघ्यावर बसला, चार स्क्रू काढले, छोट्या स्पीकरला कान लावला आणि तसाच बसून राहिला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तो वर बघेना.

"काय म्हणतोय?" बंकटरावांनी विचारलं.

"जुना झालाय," सिद्धलिंग मोठ्याने म्हणाला. "मी घिऊन जातो संगं. नवा टाकतो. पुढल्या टायमाला..."

"तुज्या मोबाईलवर लाव एकांदं गाणं. माज्या कानाशी धर."

सिद्धलिंगने लावलं. बंकटरावांनी ऐकलं. मोबाईल परत दिला.

मग ते खुर्चीवर टेकले आणि एकेक बोट दुमडत मोजू लागले. "बॉक्स बदलला. वायर बदलली. कॅसेट बदलली. सेटच बदलला म्हण की, मोबाईल तर तुजा हाय." चार बोटं झाली. पाचवं बोट त्यांनी धरून ठेवलं. "आता एकच बदलायचं राह्यलंय."

सिद्धलिंग बॉक्सचे स्क्रू पुन्हा बसवू लागला. एकदा बसवलेलेच त्याने परत एकदा आवळले.

दारापाशी अंजना उभी होती. तिच्या तोंडाकडे बघितल्यावर बंकटरावांना जे समजलं, ते कानांच्या बातमीपेक्षा वाईट होतं.

"तुला म्हाईत होतं?"

अंजनाने सेटचा आवाज कमी केला, त्यांच्या समोर येऊन जमिनीवर बसली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "गेल्या दिवाळीपासून. दुपारच्या सुट्टीत वर कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, तुमी शेजारी बसून हालायचा न्हाईत. मला वाटलं पेपरात ध्यान हाय. मंग रोज बघाया लागले."

"कावून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? तुमी त्या कॅलेंडरकडं बघून बघून दिवस ढकलायलतात. ती एक गोष्ट होती तुमाला. ती मी हिसकून घिऊ?" तिचा आवाज फाटला. "मला वाटलं, सेट मोठा हाय. मोठ्यानं लावला तर यील ऐकू."

बंकटराव एकदम उभे राहिले. त्यांना राग आला. बायकोचा नाही, कुणाचा ते त्यांनाच सांगता आलं नसतं. "दोन वरीस!" ते प्लायवूडच्या भिंतीवर हात आपटत ओरडले. "दोन वरीस माजे कान होते, तर ह्यांनी सेट झाकून ठिवला. आन् आता छत उडू दे म्हणतेत! घरात समदेच कुजबुजत्यात, मी म्हणलं अभ्यासिकेमुळं. मला कसं कळावं? मला कसं कळावं, सांग की!"

भिंत थरथरत राहिली. पलीकडे कुणी नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते या घरात एवढ्या मोठ्याने बोलले होते, आणि त्यांचाच आवाज त्यांना कुणीतरी पलीकडच्या खोलीतून बोलावं तसा वाटला. ते खाली बसले. मग ते रडले. लपवलं नाही. सिद्धलिंगने पाण्याचा तांब्या आणून जवळ ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"मशीन मिळती कानाची," तो त्यांच्या कानाजवळ वाकून म्हणाला. "माज्या मेव्हण्याला हाय. माणसाचं बोलणं कळतंय त्याला."

"आन् तुणतुणं?"

सिद्धलिंगला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलून झालंच होतं. "ते तसं न्हाई येत," तो म्हणाला. "पत्र्याच्या डब्यावानी येतं म्हणतो."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. बंकटरावांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, उठले, ट्रेबलचं बटण मधोमध आणलं, आवाज चारचौघांना सोसेल एवढा ठेवला. मोहिनी जिन्यात उभी होती, रडवेली. तिला ते म्हणाले, "तू जा, पोरी, पड जराशी. आता न्हाई तरास व्हणार." मग कॅसेट पहिल्यापासून लावली आणि खुर्ची अंजनाकडे सरकवली.

"मला काय कळतंय त्यातलं?" अंजना म्हणाली.

"बस. दोनी बॉक्सच्या मधी बस. तुज्या पोराच्या लग्नातला गोंधळ हाय."

अंजना त्या खुर्चीत आयुष्यात पहिल्यांदा बसली. बंकटराव समोर खाटेवर. धप्, धप्, संबळ त्यांच्या छातीत लागला. थोड्या वेळाने अंजनाला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने उजवा हात वर केला आणि पहिल्या बोटाने हवेत एक अदृश्य तार छेडली. मग पुन्हा. तुणतुणं कुठे येतं, कुठे थांबतं, कुठे घाई करतं, ते ती बोटाने दाखवू लागली. शाळेत न गेलेली ती बाई, पण तिचं बोट तालात होतं. बंकटराव त्या बोटाकडे बघत मान हलवू लागले.

कॅसेटच्या शेवटाला संबळ थांबला. बंकटराव डेक बंद करायला उठले आणि हात पुढे केला. अंजनाने तो हात डाव्या हाताने धरला.

"थांबा," ती म्हणाली. "सटवा अजून वाजवतोय."

खरंच की. त्यांना आठवलं. सगळे थांबल्यावरही सटवा थांबला नव्हता. मांडवाच्या दारापर्यंत चालत, एकटाच तार छेडत गेला होता.

त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. अंजनाचं बोट हलत होतं. बंकटराव परत खाटेवर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि ते बोट थांबायची वाट बघत राहिले.