कूलरवरचा आळ

बसूनं शेवटचा स्क्रू काढून कूलरची मागची जाळी अंगाशी ओढली, तशी वाळक्या गवताची अख्खी पेंढी त्याच्या पायांवर कोसळली. गॅलरीभर धूळ उडाली. गवतावर बोअरच्या पाण्याचे पांढरे पापुद्रे धरले होते. हात लावला की खडीसाखरेसारखे कटकन मोडत होते.

“गेल्या साली गवत बदललं न्हाई वाटतं, वहिनी?”

“राहून गेलं,” शिवलीला म्हणाली आणि सुपलीत गवत भरायला लागली.

“मग बोंबलणारच की बिचारा.” बसूनं आत हात घालून पंख्याचं पातं हलवून बघितलं. “बुश गेलाय. पातं लंगडं फिरतंय. पत्र्याचा एक नट बी जाग्यावर न्हाई. शेजारपाजारचे काय म्हणत न्हाईत व्हय?”

शेजारपाजारचे बरंच काही म्हणत होते. सासूबाईंचा, म्हणजे अव्वांचा, हात मोडल्यापासून जो कुणी भेटायला यायचा, तो आधी अव्वांचं प्लास्टर बघायचा आणि मग आतल्या खोलीच्या दारात जाऊन या कूलरकडे बघून यायचा. एखाद्या वाया गेलेल्या पोराकडे बघावं तसं. कुणी म्हणायचं, “एवढा आवाज म्हटल्यावर काय ऐकू येणार!” कुणी म्हणायचं, “नशीब, हातावर निभावलं.” शिवलीला सगळ्यांना चहा द्यायची. कूलर गप्प उभा असायचा. अंगावर आलेला आळ त्यानं एकदाही नाकारला नव्हता.

खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. चैत्रातली दुपार होती. त्या दिवशी सकाळपासून अव्वांनी हाका मारून मारून तिचा जीव नकोसा केला होता. चष्म्यासाठी, मग गरम पाण्यासाठी, मग फाटकापाशी कोण आलंय ते बघण्यासाठी. एकदा तर नुसतंच, भिंतीवर चढलेली खार बघायला ये म्हणून. त्यात पाण्याचा दिवस. पहाटेपासून टाकी, पिंप, घागरी, कळशा भरून तिची पाठ धरली होती. जेवणं आवरून ती कॉटवर आडवी झाली, कूलर लावला आणि डोळ्यांवर पदर ओढला. तेवढ्यात न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळातून हाक आली.

“शिवलीला…”

तिला ती नीट ऐकू आली. कूलर खडखडत होता, तरी ऐकू आली. सासरच्या सव्वीस वर्षांनंतर तो आवाज तिला भर लग्नातल्या बँडमधूनही ऐकू आला असता. तिनं “च्च” केलं आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळली. दुसरी हाक आली की उठू, असं तिनं मनाशी म्हटलं. दुसरी हाक आली नाही. तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच तिचा डोळा लागला. जाग आली ती न्हाणीघराच्या दारात काहीतरी पडल्याच्या आवाजानं.

तिचा नवरा नंदीश दुकानातून धावत आला तेव्हा अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवं मनगट वाकडं झालं होतं. “तू कुठं होतीस?” असं त्यानं विचारलं, आणि शिवलीलाच्या तोंडून निघून गेलं, “कूलरच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही हो.”

अव्वांनी तेव्हा मान वर करून तिच्याकडे पाहिलं होतं. एवढंच. दुखण्यानं पाहिलं असेल.

तेव्हापासून शिवलीला रोज दुपारी कॉटवर पडायची आणि मनाशी तेच घोकायची: दुसरी हाक आली असती तर मी उठलेच असते. जपमाळेसारखं. त्याच एका वाक्यावर तिचे दिवस निघत होते. आणि अव्वा? अव्वांनी त्या दिवसापासून हाक मारणंच सोडलं होतं. पाणी हवं असलं तर तांब्याकडे बघत बसायच्या. शिवलीला अर्ध्या अर्ध्या तासानं डोकावून विचारायची, “काही हवंय का, अव्वा? हाक मारायची की.” “काय काम न्हवतं,” अव्वा म्हणायच्या. घर इतकं शांत झालं होतं, की शिवलीलाला भाजी चिरतानाही मध्येच सुरी थांबवून कानोसा घ्यायची सवय लागली होती.

खिशातला फोन वाजला तसे बसूनं पँटला हात पुसले.

“हां, बोला मालक… व्हय, उघडलाय की… बरं… बरं, तसंच करतो.” त्यानं फोन ठेवला आणि हसला. “मालकांचा आमच्यावर भरवसा न्हाई. म्हणत्यात, आधी चालू करून किती आवाज होतोय ते बघ, मग दुरुस्त कर, मग परत बघ. आजीला बोळात उभं करून हाक मारायला लावा म्हणालेत.”

“कशाला उगीच? त्यांना त्रास,” शिवलीला पटकन म्हणाली.

“त्रास कसला?” बोळाच्या तोंडाशी अव्वा येऊन उभ्या होत्या. गळ्यात अडकवलेल्या झोळीत प्लास्टरचा हात, कपाळावर विभूतीचे पट्टे. “दिवसभर बसून बसून कंटाळा आलाय. कुटं उभी राहू?”

“पडला हुता तितंच ऱ्हावा, आजी. पण पडू नका.”

“तुजं तोंड फार चालतंय, बसू.”

“धंद्यात चालवावं लागतंय की.” मग शिवलीलाकडे वळून तो म्हणाला, “खरं सांगू का वहिनी, सोलापुरात लोक कूलर गार हवेला घेत न्हाईत. सासूचं ऐकू येऊ नये म्हणून घेत्यात! माज्या घरी तर मी मुद्दाम दुरुस्त करत न्हाई. आमची आई इकडनं बोलती, मंडळी तिकडनं, मदी कूलर. घरात शांतता.”

तो स्वतःच मोठ्यानं हसला. शिवलीलाला हसायचं होतं. तिचे ओठ हललेसुद्धा. तिनं सुपलीतलं गवत पोत्यात ओतलं आणि रिकामी सुपली उगीच पुन्हा झटकली.

बसूनं बटण दाबलं. कूलर एकदा कण्हला आणि मग खिडकीच्या गजांसकट थरथरायला लागला. “तुमी नेहमीच्या जाग्यावर बसा,” तो ओरडला. ती कॉटच्या कडेवर बसली. आता अव्वा हाक मारणार. ती ऐकू येणार. बसूलाही येणार, आणि तो संध्याकाळी दुकानात जाऊन नंदीशला सांगणार, ‘मालक, एवढ्या आवाजात बी चांगलं ऐकू येतंय की.’ तो काही वाईट मनानं सांगणार नाही. गंमत म्हणूनच सांगेल.

बसू खिडकीशी डोळे मिटून, कानामागे तळवा धरून उभा होता.

“हां आजी, मारा हाक!”

शिवलीलाला कॉटवरून बोळाचा तिरका तुकडा दिसायचा. न्हाणीघराची चौकट, पायपुसणं, आणि पायपुसण्यावर उभ्या अव्वा. त्यांनी डावा हात भिंतीला टेकवला होता. त्या सरळ तिच्याकडेच बघत होत्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

कूलर खडखडत राहिला.

“मारली का?” बसू डोळे उघडून ओरडला.

अव्वांनी मान डोलावली.

“परत एकदा! जोरात!” त्यानं पुन्हा डोळे मिटले.

अव्वांनी गळ्यातली झोळी सारखी केली आणि पुन्हा मान डोलावली. या वेळीही तोंड उघडलं नव्हतं.

बसूनं बटण बंद केलं. “वहिनी, तुमाला आलं काय ऐकू?”

शिवलीलानं मानेनंच नाही म्हटलं. ते खोटं नव्हतं, आणि खोटं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

“बघा! मालक म्हणत हुते तेच खरं. ह्यात बाँब फुटला तरी कळणार न्हाई. बरं झालं मला बोलावलं.”

तो कामाला लागला. मोटर उतरवली, जुना बुश ठोकून बाहेर काढला, नवा बसवला, तेल सोडलं. पातं सरळ केलं. पत्र्याच्या सांध्यांत जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या घातल्या, जाळ्यांत नवं पिवळं गवत दाबून बसवलं. गवताचा ओला, गावाकडचा वास खोलीत पसरला. तो काम करता करता बोलत होता. मोहोळच्या मेव्हण्याबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल. शिवलीला “हो का” म्हणत होती. अव्वा बोळातल्या स्टुलावर बसून राहिल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

“चला, शेवटची परीक्षा,” बसू म्हणाला आणि बटण दाबलं. वारा आला. नुसता वारा. वरून पाणी झिरपल्याची बारीक टिपटिप सोडली तर काही नाही. “हां आजी—”

“शिवलीला…”

तीच हाक. तोच ‘ला’ किंचित ओढलेला, जरासा वर चढलेला.

बसू हसायला लागला तेव्हा शिवलीलाला कळलं, की आपण कॉटवर नाही. ती न्हाणीघराच्या दारात अव्वांसमोर उभी होती. एक चप्पल पायात होती, एक वाटेत कुठंतरी राहिली होती. आणि तिनं अव्वांचा दंड धरला होता.

“वहिनी, नुसती टेस्ट हाय की ओ!”

“हात सोड,” अव्वा हळूच म्हणाल्या. “दुखतंय.”

बसू हत्यारांची पिशवी गाडीला अडकवून निघून गेला. शिवलीलानं गॅलरी झाडली. मग पुसली. आधीच पुसलेली होती तरी पुन्हा पुसली. शेवटी फडकं हातात घेऊनच ती अव्वांच्या खोलीच्या दारात आली. अव्वा सुपात शेंगदाणे घेऊन एका हातानं खवट दाणे वेगळे काढत होत्या.

“मघाशी पहिल्यांदा हाक का मारली नाहीत?”

“मारली असती तर त्या बसूला ऐकू आली असती.”

फडक्यातलं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“तुज्या दाराशीच हुती मी. तुजं ‘च्च’ ऐकलं की.” अव्वांनी एक काळा दाणा उचलून बाजूला टाकला. “कॉट बी करकरली. म्हटलं, पडलीय पोरगी, पाणी भरून दमलीय. परत कशाला हाक मारा? जाईन माजी मी.”

शिवलीला खाली बसली. दुसरी हाक आली असती तर, हे ती इतके दिवस घोकत होती. आणि दुसरी हाक न येण्याचं कारण तिच्याच तोंडातून निघालं होतं.

“मी आज ह्यांना सांगते,” ती म्हणाली. “खरं काय ते सांगून टाकते. मला नाही सहन होत, अव्वा.”

“नगं.”

“तुम्ही मला वाचवू नका. तुम्ही चांगुलपणा केलात की मला जास्त—”

“तुला कोण वाचवतंय?” अव्वांचा आवाज एकदम करडा झाला. सूप त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं. “तू सांगून मोकळी हुशील. आन मग? नंदीश म्हणंल, हिचं हितं कोण बघत न्हाई. उद्याच्या उद्या नातीकडं, अक्षताकडं, पुण्याला नेऊन सोडंल. ती जाती सकाळी हापिसात, रात्री येती. सातव्या मजल्यावर भिंतीला हाका मारू व्हय मी? कन्नड तर सोड, तितं माजं मराठी बी कुणाला कळत न्हाई.” त्यांनी डाव्या हातानं पदर सारखा केला. “मला हितं ऱ्हायचंय. म्हणून गप बसली. साकु, पुरे आता. ऊठ, तो जेवायला येईल.”

शिवलीला उठली. कुणी थोबाडीत मारली असती तर तिनं गाल पुढे केला असता. पण हे असं काही हातात दिलं, तर ते ठेवायचं कुठं?

नंदीश आला तो थेट आतल्या खोलीत गेला. कूलर लावला, बंद केला, परत लावला. “हे बघ! ह्याला म्हणतात काम,” तो तिथूनच म्हणाला. “मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, सगळा दोष त्या मशीनचा. तुम्ही बायका उगीच मनाला लावून घेता.”

तो पाटावर बसला, पिशवीतून एक खोकं काढलं आणि अव्वांच्या पुढ्यात ठेवलं. आत पांढरी, तळहातात मावेल एवढी डबी होती, वर लाल बटण. दुसरी एक डबी भिंतीवर लावायची होती.

“बिनवायरची बेल आहे. अव्वा, हे तू उशाशी ठेवायचं. दुसरं हिच्या कॉटशी लावतो. नुसतं दाबलं की झालं, हाक मारायची गरजच नाही. दाबून बघ.”

अव्वांनी बटण दाबलं. खोक्यातून वाढदिवसाचं गाणं सुरू झालं आणि संपेचना.

“परत दिऊन ये,” अव्वा म्हणाल्या.

“अगं, पण—”

“मला तोंड हाय.”

नंदीशनं वैतागून बायकोकडे पाहिलं. “तू सांग. दिवसभर तूच असतेस घरात. ठेवायची की परत द्यायची?”

शिवलीलाच्या हातात भाकरीचं टोपलं होतं. अव्वा ताटातल्या शेंगाचटणीकडे बघत होत्या, तेलासाठी त्यात बोटानं खळगा करत होत्या. डाव्या हातानं ते नीट जमत नव्हतं. त्या वर बघत नव्हत्या, पण बोट थांबलं होतं.

“परत द्या,” शिवलीला म्हणाली.

“बघा बुवा. उद्या काही झालं तर मला सांगू नका, ऐकू आलं नाही म्हणून.”

“नाही सांगणार.”

तिचा आवाज इतका वेगळा आला, की नंदीशनं क्षणभर मान वर केली. मग त्यानं खोकं पिशवीत टाकलं आणि कांदा फोडायला घेतला.

अव्वांनी चटणीतला खळगा पुरा केला. ताट दोन बोटं पुढे सरकवलं.

“मग वाढ की भाकरी,” त्या म्हणाल्या. “का आता तेवढ्यासाठी बी हाक मारू?”