कपाचा कान

...आणि कान जिथे चिकटवला होता तिथली पिवळी रेघ अजून तशीच, बोटाला किंचित खरखरीत. मघापासून तो तिच्यावरूनच अंगठा फिरवत होता. कप त्यानेच भिंतीवर फेकला होता, लेकीच्या कानाजवळून. बायकोने नंतर कान चिकटवला. लेक मात्र मावशीकडे निघून गेली, ती गेलीच... आज इतक्या वर्षांनी स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता.

"आई, बाबांना अजून तोच कप? पेन्शन दे की आता त्याला!"

"असू दे गं. तुझ्या बाबांसारखाच आहे तो. चिकटवून चालवायचं."

दोघी हसल्या — या घरात, मोठ्याने, तो घरात असताना. डॉक्टर काल म्हणाले होते, बंद खोलीत रंगाच्या फवाऱ्यापुढे जन्म काढलेल्या माणसाचं असंच होतं, हात कापतात, विसरायला होतं, उगाच संताप येतो. रंग पातळ करायच्या थिनरची वाफ डोक्यात बसते. बायकोने घरी येऊन चपलाही न काढता फोन लावला होता : "अगं, ते तुझे बाबा नव्हतेच! तो मेला थिनर होता!" — हरवलेलं माणूस सापडावं तसा आवाज.

मग मी कुठे होतो? तापातल्या पोरीला खांद्यावर घेऊन, देवाचं नाव गुणगुणत येरझाऱ्या घालणारा... तोही थिनरच?

लेक समोर येऊन बसली. केसांत पांढरं दिसत होतं. "बाबा, मला माहीतच नव्हतं हो. उगाच अढी धरून बसले. तुमचा दोष नव्हता."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण कप फेकला त्या संध्याकाळी — बाहेरगावी शिकायला जाऊ का, एवढंच तर तिने विचारलं होतं — तेव्हा कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता ना? कितीतरी दिवस आपण घरीच, खिडकीशी, मोकळ्या हवेत, डोकं अगदी स्वच्छ... तसं असलं तर तो राग माझाच, निव्वळ माझा. की ती सुट्टी आदल्या वर्षीची? आठवेना. आठवणीही त्या वाफेनेच खाल्लेल्या.

"अगं," त्याने बायकोला हाक मारली, "त्या दिवशी कारखाना चालू होता ना?"

बायकोचा हात साखरेच्या डब्यात थांबला. "आता कशाला ते? चहा घ्या." तिने येऊन त्याच्या कपात चहा ओतला.

रोज देवापुढे बसलं की तो एवढंच म्हणत आला होता — पोरीवर हात उगारला, पदरात घे. तेवढ्यापुरती तरी देवाशी त्याची नीट ओळख होती. ते कबूल करणंच आता या दोघी मायेने उचलून बाहेर ठेवू बघताहेत... आणि बायकोला मात्र तो दिवस आठवत असावा.

"बाबा, जपून. निघेल हं तो कान."

त्याने कान सोडला आणि कप दोन्ही तळव्यांत धरला. चहा उकळता होता, तळवे भाजत होते... लेक "अहो बाबा, खाली ठेवा ना" म्हणत पुढे वाकली, पण त्याला तो ठेवावासा वाटेना.