तहूराचं बयान

आपल्याच हातानं आपल्या दाराला कडी घालणारी पोरगी बघायची असेल, तर म्हसळ्याजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात जा. तहूरा तिचं नाव. आवाज गोड आणि दीनाची, म्हणजे धर्माची, ओढ खरीखुरी. तिला नमाजाला कुणी ढकलून बसवलं नव्हतं हो, पहाटेच्या फजरला ती आईच्याही आधी उठायची.

गावात दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, बायका कुणाच्या तरी पडवीत जमतात आणि त्यांच्यातलीच एक बयान करते, धर्माच्या चार गोष्टी सांगते. गेल्या वर्षी तहूराची पाळी आली. कोवळं वय, वाहवा हवी होती. मोबाइलवर ऐकलेलं घोकून तिनं ठणकावलं, "बाप, भाऊ, नवरा यांतलं कुणी सोबत नसेल, तर बाईनं गावाची वेस ओलांडू नये!" बायकांनी डोळे पुसले. जमीला खालानं ते सगळं मोबाइलवर भरून घेतलं आणि कुवेतला तहूराच्या अब्बांना धाडलं.

यंदा ती बारावी झाली. माणगावच्या कॉलेजात जायचं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण अब्बा कुवेतला, भाऊ नाही. एसटीत सोबत कोण?

फोनवर अब्बा रागावले असते तर परवडलं असतं. ते मायेनं म्हणाले, "बेटा, मी तुला धाडणारच होतो. पैसेही बाजूला ठेवले होते. पण तूच माझे डोळे उघडलेस."

तहूरा रडरड रडली. मग तिनं किताबा उघडल्या. आलिमांची, जाणत्या धर्मपंडितांची, मतं एक नव्हती. वाट धोक्याची नसेल तर काहींनी बाईला एकटीनं जायची मुभा दिली होती. ती धावत आईकडे गेली.

"काल एक, आज दुसरं?" आई म्हणाली. "लोक म्हणतील, पोरीला वारं लागलं. गप बस."

ती गप बसली नाही. पुढच्या जुमेरातीला सगळ्यांसमोर उभी राहिली. पुढ्यातच चुलत बहीण जुवेरिया बसली होती, नुकतीच दहावी झालेली. तिलाही पुढं शिकायचं होतं.

"त्या दिवशी मी अर्धवट ऐकून बोलले," तहूरानं सुरुवात केली. "माझं चुकलं..."

"अगो, नवं काय नको," जमीला खाला म्हणाली. "तेच बयान कर. ही जुवेरिया कॉलेज कॉलेज करतेय, तिला जरा समजू दे."

"खाला, ऐका तरी..."

"आठवत न्हाय व्हय? थांब, माझ्याकडं हाय की!" खालानं मोबाइल काढला.

पडवीत तहूराचा वर्षापूर्वीचा आवाज घुमला. बायका माना डोलवू लागल्या. आईच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान! तहूराला वाटलं, तो मोबाइल हिसकावून खाडीत फेकावा.

जुवेरियानं तिची ओढणी ओढली. "आपा, हा तुझाच आवाज ना?"

नाही कसं म्हणणार? तहूरानं होकाराची मान हलवली. जुवेरिया पुन्हा मोबाइलकडं वळली आणि निमूट ऐकत राहिली.